अधिक ज्येष्ठातली मामी

माझी सासू माझ्याशी फक्त लढाईत बोलते.

एरवी नाही. फोनवर नाही, कुणाच्या लग्नात समोरासमोर आलो तरी नाही. पण डोळ्यांवर गॉगल चढवून आम्ही ‘घटिका’ या खेळात उतरलो, की मामींचं, म्हणजे याच सासूबाईंचं, तोंड जे सुटतं ते सुटतं.

“पाव्हणं, डावीकडं! अवं, डावीकडं बघा की! डोळं हायती का बटणं?”

मी ढाल फिरवेपर्यंत मामींचा दांडपट्टा माझ्या कानाजवळून गेलेला असतो आणि माझ्यावर झेपावलेला लांडगा आडवा झालेला असतो. माझी डावी बाजू कच्ची आहे. हा खेळ खेळणाऱ्या लाखो माणसांत हे फक्त मामींना ठाऊक आहे, कारण त्या कायम माझ्या डाव्या हाताला असतात.

“थँक्यू, मामी.”

“मी लांडगा मारला. त्यात तुमचा काय संबंध?”

मामी म्हणजे मालन नेजदार, मुक्काम गडहिंग्लज. मुलींच्या हायस्कुलात जन्मभर खो-खो शिकवला. रिटायर झाल्यावर गुडघे धरले, म्हणून त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, केतकीनं, व्यायामासाठी त्यांना गॉगल पाठवले. आता नशीब बघा. मामींनी शंभर खेळांतून नेमका ‘घटिका’ निवडला. हा खेळ आमच्या कोल्हापूरच्या गोफण गेम्सचा, आणि त्यातला काळ चालवणारा प्रोग्रॅम मी, प्रल्हाद माळीनं, लिहिलेला. यंत्र जवळपासच्या माणसांच्या तुकड्या बांधतं. त्यानं आम्हा दोघांना एका तुकडीत टाकलं. मामींनी मला आवाजावरून ओळखलं, तेव्हा आमची तुकडी जिंकत आलेली. जिंकता डाव सोडतील तर त्या मामी कसल्या! त्यांनी अट घातली. “खेळात बोलीन. घरचा विषय काढला तर हा पट्टा तुमच्यावर फिरंल.”

घरचा विषय एवढाच, की केतकीनं आणि मी रजिस्टर लग्न केलं आणि मामींना आधी फोटो पाठवला, मग फोन केला. “लेकीच्या लग्नात मी फोटोतसुद्धा न्हाई,” एवढं त्या केतकीला म्हणाल्या. त्यानंतर लेकीला दार उघडं, जावयाला बंद. आणि केतकीही त्यांचीच लेक. “तो येणार नसेल तर मीही येणार नाही,” म्हणून तीही माहेरची पायरी चढलेली नाही.

रोज संध्याकाळी मी खेळायला बसलो, की केतकी कानाला दुसरं यंत्र लावून शेजारी बसते. भाजी निवडते आणि आईच्या शिव्या ऐकते. एकदा म्हणाली, “आई तुला ओरडते ना, तेव्हा वाटतं आपण तिघं एका घरात आहोत.”

मला एकदम भरून आलं होतं.

आता थोडं यंत्राचं सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. तुम्ही गडहिंग्लजमध्ये हात उचललात, तर ती बातमी आमच्या यंत्रापर्यंत पोचायला पापणी लवण्याइतका तरी वेळ जातो. तेवढ्यात खेळातलं जग थांबून कसं चालेल? म्हणून यंत्र अंदाज बांधतं, की हा माणूस आता बहुतेक असं करेल, आणि तसं करून मोकळं होतं. खरी बातमी आल्यावर अंदाज चुकला असेल, तर काळ किंचित मागं घ्यायचा, चुकलेला क्षण पुसायचा, खरा लिहायचा. आम्ही या अंदाज बांधणाऱ्या भागाला शिकायला लावलं. तुम्ही कसे वळता, कशाला घाबरता, कुणाच्या मदतीला आधी धावता, हे तो बघून बघून शिकतो. त्याला आम्ही सावली म्हणतो. लाइट गेली, रेंज गेली, तर तुमची सावली तुमच्या जागी उभी राहते आणि अगदी तुमच्यासारखी लढते.

तिला नियम दोन. मालक येईपर्यंत त्याची जागा राखायची, आणि मालक आला की विरून जायचं. मालक ओळखायचा कसा? मालक नेहमी सावलीच्या नंतरच्या क्षणात येतो. सावलीच्याच क्षणात तिच्याच तोंडाचा कुणी येऊन उभा राहिला, तर तो चोर.

सगळं छान चाललं होतं. आणि एका संध्याकाळी, आमच्या बुरुजावर, धुक्यातून मी चालत आलो.

म्हणजे मी बुरुजावर उभाच होतो. समोरून दुसरा मी आला. चेहरा माझा, ढाल माझी, चाल माझी. पण नीट उमटलेला नव्हता. पत्रिका छापताना कागद हलला की गणपतीला दोन सोंडा येतात, तसा तो कडेकडेनं दुहेरी दिसत होता.

“आता गं बया!” मामी ओरडल्या. “पाव्हणं, तुम्ही दोन? एकाचा ताप काय कमी हुता?”

मी हसलो, आणि तेवढ्यात त्यानं मला भाल्यानं बुरुजाखाली ढकलून दिलं. माझ्या प्रत्येक डावाला त्याच्याकडं उत्तर तयार होतं. मी कुठं वळणार, हे त्याला माझ्या आधी कळत होतं. मामींनी मला कसंबसं ओढून काढलं नसतं तर त्यानं माझा चुराडा केला असता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गडांवर तेच. प्रत्येकाला त्याच्याच तोंडाचं एक भूत भेटायला लागलं, आणि आपल्या जागेत पाऊल टाकणाऱ्या कुणालाही ते फोडून काढायला लागलं. आमच्या मालकीणबाई, कामत मॅडम, आधी भलत्याच खूश. “काय कल्पना आहे! कुणाची?” म्हणून त्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये सगळ्यांना विचारत फिरल्या. कुणीच हात वर करेना, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कारण रोज नवी भुतं येत होती आणि जुनी जात नव्हती. माणसं स्वतःच्याच गडाबाहेर उभी राहून शंख करत होती. पोरं रडत होती.

“पुरे झालं,” मॅडम म्हणाल्या. “आज संध्याकाळी सगळं जग पुसायचं. उद्यापासून कोरं. नवे गड, नव्या तुकड्या.”

नव्या तुकड्या! मामींनी पुन्हा नाव नोंदवावं, यंत्रानं पुन्हा आम्हाला एकत्र टाकावं, आणि मामींनी पुन्हा मला खपवून घ्यावं, एवढी माझी पत्रिका काही जोरात नव्हती. हा खेळ पुसला की माझ्या सासरचं दार बंद, आणि केतकीच्या माहेरचंही.

“संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” मी म्हणालो.

“दिला. पण कारण सापडलंच पाहिजे, प्रल्हाद.”

मी आणि नजीर मुलाणी, आम्ही दोघं कामाला लागलो. नजीर माझा शेजारी, यंत्राच्या आठवणींचा भाग तो बघतो. दुपार झाली तरी काही हाताला लागेना. प्रत्येक भूत म्हणजे एक सावली होती एवढं दिसत होतं. पण विरून जायचं सोडून ती उभी का, ते कळेना. शेवटी मी वैतागून गॉगल चढवले आणि आत गेलो. मामी बुरुजाच्या पायथ्याशी एका खडकाआड बसल्या होत्या. समोर त्यांचंच भूत पट्टा फिरवत येरझाऱ्या घालत होतं.

“बसा. हलू नका,” मामी कुजबुजल्या. “मघापासनं हिला बघायला लागलीया. खेळाडूला आधी बघायचं असतं. पोरींना मी हेच सांगायची.”

“काय दिसलं?”

“हिच्या हातातला पट्टा बघा. मूठ तांब्याची. माझी ती मूठ कवाच मोडली. आता लोखंडाची हाय. ही आजची मी न्हवं. ही गेल्या महिन्यातली मी.”

मी बघत राहिलो. बरोबर होतं. माझ्या भुताच्या हातातली ढालही जुनीच होती, तेही आठवलं.

“गेल्या महिन्यात या तिथीला मी हितंच उभी हुते,” मामी म्हणाल्या. “पाव्हणं, आज तिथी काय?”

खेळात आभाळाच्या कोपऱ्यात तिथी लिहिलेली असते. चंद्र, भरती-ओहोटी, लांडग्यांच्या टोळ्या, सगळं आम्ही पंचांगावर चालवतो. त्याचीच तर आम्हाला घमेंड. मी वर बघितलं. “ज्येष्ठ शुद्ध पंचमी.”

“आन् गेल्या महिन्यात?”

“गेल्या महिन्यात...” मी आठवून बघितलं. “ज्येष्ठ शुद्ध पंचमी.”

“अवं, धोंड्याचा महिना हुता की तो!” मामी जवळजवळ किंचाळल्याच. “अधिक ज्येष्ठ! आन् आता हाय तो निज ज्येष्ठ! तुम्ही तुमच्या मशिनीला सांगितलंय का, की यंदा ज्येष्ठ दोन हायती?”

नव्हतं सांगितलं. पंचांगाचा तक्ता मी तयार घेतला होता. त्यात महिना, तिथी, आणि पुढं एक बारीक रकाना होता, तो कायम रिकामाच दिसायचा. रिकामा आहे तर कशाला घ्या, म्हणून मी तो गाळला. त्यात तीन वर्षांतून एकदाच एक शब्द येतो, ‘अधिक’. यंत्राच्या हिशेबी ज्येष्ठ शुद्ध पंचमी एकच. त्या क्षणाच्या जागी त्याला गेल्या महिन्यातले आम्ही आधीच उभे दिसलो, म्हणून ती जागा राखायला त्यानं त्या वेळच्या सावलीला उठवलं. सावलीनं बघितलं, तर आपल्याच क्षणात आपल्याच तोंडाचा माणूस. म्हणजे चोर! त्या बिचाऱ्या भुतांच्या लेखी चोर आम्ही होतो.

“धन्य हाय!” मामींना आता हसू आवरेना. “अख्ख्या महाराष्ट्रातले जावई महिनाभर धोंडे चापत बसले, आन् तुम्हाला धोंड्याचा महिनाच ध्यानात न्हाई?”

“मला कुणी बोलावलं होतं खायला?”

तोंडातून निघून गेलं. मी जीभ चावली, पण बाण सुटला होता. गेला महिनाभर केतकी गप्प गप्प का होती, तेही मला त्या क्षणी कळलं. शेजारणीचा जावई चांदीचं निरांजन घेऊन परत गेला, त्या दिवशी ती जेवलीच नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं.

पट्टा माझ्यावर फिरेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. फिरला नाही.

“दुरुस्त कसं करायचं ते बोला,” मामी म्हणाल्या. आवाज बसलेला होता.

मी गॉगल काढून नजीरला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. “अरे, मी तुला विचारलं नव्हतं का? आमचा महिनाही चंद्रावरच. वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान पडतं, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. मी म्हटलं, तुमची दिवाळी जागची कशी हलत नाही?”

“मी काय म्हणालो होतो?”

“म्हणालास, आमचं आपोआप होतं!”

आपोआप काही होत नसतं. तो रिकामा रकाना भरतो, म्हणून होतं.

उपाय एका शब्दाचा होता. गेल्या महिन्यातल्या प्रत्येक क्षणापुढं ‘अधिक’ लिहायचं, म्हणजे दोन्ही महिने वेगळे होतात आणि सावल्या आपापल्या क्षणात परत जातात. पण सावली उभी असताना यंत्र तो क्षण बदलू देत नाही. बाहेरून यंत्र बंद करावं, तर जाता जाता ते एकाच जागेवर बसलेल्या दोन महिन्यांतला एक कायमचा पुसणार. राहता राहिलं घटिकापात्र. खेळाच्या मधोमध बालेकिल्ल्यावर पाण्यानं भरलेलं घंगाळ आहे, आणि त्यात बुडाला भोक असलेली एक वाटी तरंगते. ती हातानं उचलली, की त्या जगाचा काळ जागच्या जागी थांबतो. आम्ही स्वतःसाठी ठेवलेली ती कळ होती. वाटी उचलायची, आणि तेवढ्यात नजीरनं शब्द लिहायचा.

अडचण एकच. त्या घंगाळाभोवती भुतांची जत्रा भरली होती.

कामत मॅडमनी सगळ्यांना हाक घातली. “चढाई आहे, या!” आणि काय माणसं आली! साताऱ्याची, बेळगावची, पार अमरावतीची. कुणी ऑफिसातून, कुणी कॉलेजातून. आता त्या भुतांना नाव मिळालं होतं. “धोंडे आले, धोंडे!” म्हणून आरोळ्या उठत होत्या. ही लढाई सगळ्यांना बघता यावी म्हणून मॅडमनी ती पडद्यावर उघडी सोडली. केतकी घरी बसून बघत होती.

मामी पुढं झाल्या आणि त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. “ऐका! धोंड्याला तुमचा गेल्या महिन्यापर्यंतचा डाव ठावा हाय. म्हणून कुणी आपल्या धोंड्याशी भिडायचं न्हाई. दुसऱ्याचा घ्यायचा. पाठीवर थाप आली की उठायचं. खो!”

आणि सगळा डोंगर खो-खोचं मैदान झाला. साताऱ्याचा गडी बेळगावच्या धोंड्यावर, अमरावतीची पोरगी साताऱ्याच्या धोंड्यावर. धोंडा आपल्या माणसाच्या मागं धावावा, तर मध्येच दुसराच उठून आडवा येई. “खो! खो!” सगळीकडून तोच आवाज. मी आयुष्यात इतका ओरडलो नसेन. एक पायरी, दुसरी पायरी, महादरवाजा, आणि आम्ही बालेकिल्ल्यात शिरलो! मागं वळून पाहिलं तर आमची माणसं विरळ झालेली. घंगाळापर्यंत पोचलो ते दोघंच, मी आणि मामी.

घंगाळापुढं उभी होती मामींची धोंडी. सगळ्यांत तिखट तीच.

“हिला मी घेते,” मामी म्हणाल्या.

“मामी, आपल्या धोंड्याशी भिडायचं नाही, तुम्हीच...”

“दुसरा कोण उरलाय? तुम्ही? बाजूला व्हा.”

दोन पट्टे एकमेकांवर आपटले. एक तांब्याची मूठ, एक लोखंडाची. काय लढल्या दोघी! एकीनं हूल द्यावी, दुसरीनं ती ओळखावी. पण मामी दमत होत्या आणि धोंडीला दम माहीत नव्हता. एक गिरकी चुकली. मामींचा पट्टा उडाला आणि मामी माझ्या डोळ्यांदेखत विरून गेल्या. त्या खेळाबाहेर पडल्या. आता त्यांना फक्त पडद्यावर बघता येणार होतं.

मी एकटा. समोर धोंडी. आणि उजवीकडून माझा स्वतःचा धोंडा भाला परजत येताना दिसला. मी त्याच्याकडं ढाल वळवली आणि तेव्हाच उमगलं, की डावीकडून आणखी दोघे येतायत. सवयीनं मी कान टवकारले, “पाव्हणं, डावीकडं” ऐकू येईल म्हणून. मामी नव्हत्या. मी मनात म्हटलं, प्रल्हादा, संपलं.

धोंडीनं पट्टा उचलला. ती वळली. सरळ येऊन माझ्या डाव्या हाताला, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि डावीकडून आलेले दोघे धोंडे तिनं एका फटक्यात उडवले.

आमच्या शेडमध्ये नजीर ओरडत होता, “हे काय? हे असं कसं?” तिच्या लेखी तिची मालकीणसुद्धा चोर होती. सगळं जग चोर होतं. पण मी नव्हतो. माझा धोंडा भाला घेऊन धावला, तर ती त्यालाही आडवी गेली. भाला तिच्या खांद्यातून आरपार गेला तरी ती जागची हलली नाही.

“वाटी! प्रल्हाद, वाटी!” कामत मॅडम किंचाळल्या.

मी भानावर आलो, घंगाळात हात घातला आणि वाटी उचलली.

आभाळातला चंद्र थांबला. धुकं थांबलं. धोंडी पट्टा उगारलेली तशीच थांबली. नजीरनं शब्द लिहिला. मी वाटी परत पाण्यात सोडली, तेव्हा बालेकिल्ला रिकामा होता. डोंगरभर माणसं नाचत होती, आपापल्या गडाकडं धावत होती. शेडमध्ये कुणीतरी हलगीच वाजवायला लागलं. नजीरनं मला मिठी मारली. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खेळातला नव्हे, खिशातला. या नंबरावरून माझ्या फोनवर कधीच फोन आला नव्हता.

“मामी?”

“बघितलं मी. सगळ्या मुलखानं बघितलं.”

“हो.”

“ती खोटं शिकलीया.”

“मामी, सावलीला बोललेलं कळत नाही. ती फक्त केलेलं शिकते.”

मी फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.

“धोंड्याचा महिना तर गेला,” त्या हळूच म्हणाल्या.

“गेला, मामी.”

“पर तुम्ही तो तुमच्या मशिनीत येगळा काढून ठेवलाय न्हवं? पुसला तर न्हाई?”

“नाही पुसला. आख्खा आहे.”

“मग त्यातला एक दिवस हिकडं काढा. उद्याचा. केतकीला घेऊन या. डाळ भिजत टाकलीया मी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गडहिंग्लजला गेलो. मामी दारात तुकडा ओवाळायला उभ्या होत्या. डोळे सुजलेले, पण तोंड तेच. “या. किती हळू चालता!” केतकी त्यांच्या गळ्यात पडली आणि दोघी मायलेकी दारातच रडत बसल्या. मी मामींच्या हातातला ओवाळायचा तुकडा सांभाळत उभा.

मग ताट आलं. वाफाळलेले पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मी मान खाली घालून पहिला धोंडा फोडला. केतकी समोर बसली. मामींनी आपला पाट उचलला, खोलीभर नजर फिरवली, जागा हेरल्यासारखी, आणि माझ्या डाव्या हाताला येऊन बसल्या.